तान्हं बाळ, पाच वर्षांची ताई आणि आजी : मुंबईहून छोटी क्रूझ करताना

नाशिकच्या एका आईने विचारलं आहे : मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा, सोबत नवरा आणि सासूबाई. नाताळच्या सुट्टीत मुंबईहून क्रूझ करायची आहे. गोव्याची घ्यावी, नुसती समुद्रात फिरून परत येणारी घ्यावी की लक्षद्वीपची? खोली कुठली? मुलांना बोट लागेल का? बाळाच्या जेवणाचं काय? आणि सासूबाई बुडालेल्या 'रामदास' बोटीचं नाव काढून नको म्हणताहेत, त्यांना काय सांगायचं?

आधी थोडक्यात सांगते. जा. लक्षद्वीप आत्ता नको, नाताळचा आठवडाही नको. तीन रात्रींची सफर मिळाली तर ती घ्या, आणि खोल्या एक नाही, दोन लागतील. मी बरीच वर्षं जहाजांवर मुलांच्या विभागात काम केलं आणि आता कुटुंबांच्या सफरी आखून देते. त्यामुळे माझा सगळा हिशेब मुलांच्या झोपेवरून सुरू होतो, बंदरांवरून नाही. लहान मुलांसाठी जहाज हेच ठिकाण असतं. लिफ्ट, गोल खिडकी, खोली आवरणारे दादा टॉवेलचा हत्ती करून ठेवतात तो, इतकं त्यांना पुरतं. बंदरं आपल्याला हवी असतात. हे एकदा मान्य केलंत की बाकीचे निर्णय सोपे होतात.

दोन रात्री म्हणजे प्रत्यक्षात किती वेळ, ते पाहा. पहिल्या दिवशी दुपारी चढायचं, संध्याकाळ सामान लावण्यात आणि सुरक्षेच्या कवायतीत जाते. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं, म्हणजे आदल्या रात्रीपासूनच बांधाबांध. हाती उरतो एक अख्खा दिवस. मोठ्या माणसांना तेवढा पुरतो. लहान मुलांना नव्या जागी झोप लागायलाच एक रात्र जाते, आणि जरा रुळली की उतरायची वेळ येते. तिसऱ्या रात्रीचे पैसे जड वाटतात, पण मजा तिच्यामुळेच येते. तारखांमध्ये तीन रात्री बसतच नसतील तर दोन रात्रींत गोवा घेऊ नका, न थांबता परत येणारी घ्या.

लक्षद्वीपला नको म्हणते त्याचं कारण बेटं नव्हेत, बेटं सुंदरच आहेत. पण तिथे मोठ्या जहाजाला लागायला धक्का नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल पाण्यात जहाज उभं राहतं आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात. हलत्या जहाजातून हलत्या होडीत पाऊल टाकायचं, कडेवर बाळ, दुसऱ्या हाताला आजी. खलाशी मदत करतात आणि नीट करतात, तरी चौदा महिन्यांच्या मुलाला लाइफ जॅकेट घालून उन्हात बसवणं म्हणजे रडारड ठरलेली. शिवाय वारा वाढला तर बेटावर उतरणंच रद्द होतं, आणि त्याचा दोष कुणाला देता येत नाही. धाकटा चार वर्षांचा झाला की जा. तेव्हा उथळ निळ्या पाण्यातले मासे तो स्वतः दाखवेल.

आता तारखा. पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि मेमध्ये अरबी समुद्रात अधूनमधून चक्रीवादळं येतात. २०२१च्या मेमधलं तौक्ते अनेकांच्या लक्षात असेल. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत भाडं चढतं, जहाज भरतं आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डेकवर गाणी चालतात. शनिवार-रविवारच्या फेऱ्यांतही मित्रमंडळींचे, ऑफिसचे गट जास्त असतात. त्यांनी पार्टी करायला पैसे भरलेले असतात, त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. सोमवार ते गुरुवारच्या मधली फेरी बघा. बालवाडीतल्या मुलीचे तीन दिवस बुडाले तर काही बिघडत नाही. फक्त २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्या टाळा.

वयाचा नियमही माहीत असू द्या. बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि लांबच्या महासागरी सफरींना वर्ष पूर्ण लागतं. तुमचा मुलगा बसतो. चोवीस आठवड्यांच्या पुढच्या गरोदर बाईला घेत नाहीत. नणंद-जाऊ सोबत यायचं म्हणत असेल तर आधीच सांगून ठेवा.

खोलीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जाहिरातीत दिसतो तो आकडा माणशी असतो, आणि तोही एका खोलीत दोघे धरून. तिसऱ्या-चौथ्या माणसाचं भाडं कमी असतं, कधी मुलांचं माफही असतं, पण बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क डोकी मोजून लागतं. तेव्हा 'मुलं फुकट' वाचून खूश होण्याआधी पाचही जणांचा शेवटचा आकडा लेखी मागा आणि दोन ठिकाणी तुलना करायची ती त्याच आकड्याची.

दुसरं म्हणजे, जहाजावर तान्हं बाळसुद्धा एक पूर्ण माणूस धरलं जातं. ते तुमच्या कुशीत झोपेल हे खरं, पण लाइफबोटीत त्याची जागा मोजावी लागते. साध्या खोलीत जास्तीत जास्त चार जण, म्हणजे तुम्ही पाच जण एका खोलीत बसतच नाही. कधी कधी चौघांची खोली रिकामी दिसते आणि तरी बुकिंग होत नाही. त्या भागाला नेमून दिलेल्या लाइफबोटीतल्या जागा भरलेल्या असतात, म्हणून. यात एजंट लबाडी करत नसतो.

मग दोन खोल्या कशा घ्यायच्या? आजीला एकटीची खोली घेतलीत तर एकटीला जवळपास दोघांचं भाडं पडेल. त्याऐवजी आजी आणि नात एका खोलीत, तुम्ही दोघं आणि बाळ दुसऱ्या खोलीत, असं कागदोपत्रीच लावा. प्रत्येक खोलीत एक प्रौढ हवा ही अट पूर्ण होते आणि एकट्याचा दंडही पडत नाही. आजी-नातीला आतली, बिनखिडकीची खोली चालेल, त्या तिथे फक्त झोपायला जातील. तुमची मात्र खिडकीची घ्या. बाळ दुपारी दोन तास झोपतं तेव्हा एक मोठं माणूस खोलीत अडकतं, आणि मिट्ट काळोखात मोबाइल बघत बसणं ही सुट्टी नव्हे. बाल्कनी परवडली तर उत्तमच, बाळ आत आणि तुम्ही बाहेर चहा घेऊन. फक्त खुर्च्या कठड्यापासून लांब सरकवून ठेवा आणि बाल्कनीच्या दाराची वरची कडी कायम लावा. चढायला शिकलेलं मूल आणि कठड्याला टेकलेली खुर्ची एकत्र नकोत, दोन मिनिटांसाठीसुद्धा नकोत.

दोन खोल्या समोरासमोर किंवा शेजारी मागा. मधून दार असलेल्या खोल्या थोड्याच असतात. हव्या असतील तर बुकिंगच्या दिवशीच सांगा आणि खोली क्रमांक घेऊनच पैसे भरा. 'खोली नंतर देऊ' असं स्वस्त भाडं असतं, ते तुमच्यासाठी नाही. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हलणं सगळ्यात कमी जाणवतं. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील असा मजला निवडा. डोक्यावर पोहण्याचा तलाव असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, पायाखाली नाट्यगृह असलं तर रात्री ढोल. जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडून आपला मजला, वरचा आणि खालचा असे तिन्ही पाहा. पाच मिनिटं लागतात.

बाळाचा पाळणा फुकट मिळतो, पण मोजकेच असतात, तेव्हा तोही आधी नोंदवा. भिंतीतून उघडणारे वरचे पलंग पाच वर्षांच्या मुलीला देऊ नका, ती कितीही हट्ट करू दे.

कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून जातं. ते १९९० साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधलेलं, तेव्हाचं नाव नॉर्डिक एम्प्रेस. लांबी सुमारे २१० मीटर, मजले ११. सिंगापूरहून सुटणाऱ्या नव्या अवाढव्य जहाजांचे व्हिडिओ पाहून तीच अपेक्षा घेऊन गेलात तर हिरमोड होईल. खोल्या लहान, बाल्कन्या थोड्या. पण लहान मुलांच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे : अंतरं कमी. जेवणघरातून खोलीपर्यंत बाळाला नेताना वाटेत तो झोपून जाईल एवढी पायपीट नाही. मोठ्या जहाजांवर मी आया दिवसभर नुसत्या चालताना पाहिल्या आहेत. वेळापत्रक आणि मार्ग मात्र दर हंगामाला बदलतात, म्हणून मागच्या वर्षी कुणी गेलं होतं त्यावर विसंबू नका.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. रामदास बुडाली १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण अजून जिवंत आहे. त्यांना एवढंच सांगा की ती भर पावसाळ्यातली, खवळलेल्या समुद्रातली गोष्ट होती. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचं नाही हा कोळ्यांचा शहाणपणा क्रूझवालेही पाळतात. पावसाळ्यात इथून सफरी बंद असतात. आणि दोनशे मीटरच्या जहाजाला बाजूने पंखांसारखे स्थिरक असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. एवढ्यावर त्या तयार झाल्या नाहीत तर सुरक्षेच्या कवायतीत त्यांना पुढे बसवा. माझा अनुभव असा की आजी-आजोबांची भीती तिथेच जाते. लाइफबोट कुठे, जॅकेट कुठे, कुणी कुठे उभं राहायचं हे डोळ्यांनी दिसतं.

ही कवायत चुकवायची नाही. १३ जानेवारी २०१२ला इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या अनेकांची कवायत झालीच नव्हती, कारण तेव्हा ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. आता आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब वाजतो, आणि तो जोरात असतो. मुलीला आधी सांगून ठेवा, 'सात छोटे, एक मोठा, आपण मोजायचे.' मग ती रडण्याऐवजी मोजते. बाळाचे कान झाका. आणि त्याच संध्याकाळी खोली आवरणाऱ्याकडून दोन्ही मुलांच्या मापाची जॅकेटं खोलीत मागवून घ्या, कपाटात बहुधा मोठ्यांचीच असतात. मुलांच्या मनगटाला त्यांच्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा मिळत असेल तर तो आंघोळीतसुद्धा काढू नका.

बोट लागण्याबद्दल. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात खोली तर स्थिर आहे, आणि या भांडणात पोट ढवळतं. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास क्वचित होतो. मुलगी पाचची आहे, तिला होऊ शकतो. घाटात गाडी लागते का, हे तुम्हाला माहीत असेलच. कसारा घाटात जिला काही होत नाही तिला जानेवारीतल्या समुद्रात सहसा काही होत नाही. त्रास वाटला तर खोलीत झोपवू नका. डेकवर आणा, लांबची क्षितिजरेषा बघायला लावा, मोबाइल हातातून काढा. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं, म्हणून थोडी बिस्किटं किंवा कोरडी पोळी. आलेपाकाची वडी सोबत असू द्या, मोठ्यांनाही बरी पडते. औषध द्यायचंच तर नाशिकच्या तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून वजनानुसार मात्रा लिहून घ्या. अव्होमिनसारख्या प्रोमेथाझिनच्या गोळ्या दोन वर्षांखाली देत नाहीत, तेव्हा बाळाचा प्रश्नच नाही. आणि मुलीला पहिला डोस जहाजावर देऊ नका. काही मुलं या औषधाने पेंगण्याऐवजी उलट चिडतात, धावतात. डॉक्टर हो म्हणाले तर एकदा घरीच देऊन पाहा.

उलटीपेक्षा मला जास्त धास्ती जुलाबाची असते. जहाजावर पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो आणि त्यातल्या नोरोव्हायरसवर ते दारादारात ठेवलेलं सॅनिटायझर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. बुफेला जाताना सॅनिटायझर लावून समाधान मानू नका, मुलांचे हात धुऊनच आत न्या. चढण्याआधी आरोग्याचा अर्ज भरावा लागतो, त्यात दोन दिवसांतला ताप-जुलाब लपवू नका. लपवून चढलेल्या कुटुंबाला पुढे खोलीत बसवून ठेवतात, मग मुलं भिंती चढतात. म्हणूनच विमा घ्या, आणि ऐनवेळी मूल आजारी पडलं तर किती पैसे परत मिळतील ते वाचूनच घ्या. जहाजावर डॉक्टर असतो, बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि तपासणीचे पैसे खोलीच्या बिलावर चढतात. नेहमीची औषधं, ओआरएस, तापाचं औषध, थर्मामीटर आपलंच न्या.

बाळाच्या जेवणाचं तितकं अवघड नाही. विजेची किटली, छोटा कुकर, शेगडी यांतलं काहीही नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. भर समुद्रात आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती असते, त्यामुळे तिथे विनवण्या चालत नाहीत. चांगला थर्मास न्या, गरम पाणी बुफेत हवं तेव्हा मिळतं. सीलबंद नाचणी सत्त्व, मेतकूट, दुधाची पावडर न्यायला सहसा अडचण येत नाही. घरी शिजवलेलं न्यायला बहुधा बंदी असते, त्यामुळे पुरणपोळ्यांचा डबा आजींना घरीच ठेवायला सांगा. पहिल्याच जेवणाला वाढपी मंडळींच्या मुख्याला गाठून सांगा : रोज साडेसहाला बिनतिखटाची, पातळ मुगाची खिचडी हवी. भारतीय प्रवासी असतात तिथे स्वयंपाकघराला खिचडी नवी नाही, पण वेळेवर हवी तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. बुफेतला पिवळा वरणभात दिसायला साधा असला तरी त्यात कधी तिखट असतं. बाळाला देण्याआधी चमचाभर स्वतः खाऊन बघा. जेवणाची लवकरची वेळ मागा. इथल्या सफरींवर जेवणं उशिरा चालतात, नऊ वाजता गजबजलेल्या जेवणघरात तुमचं बाळ आणि तुम्ही दोघंही रडाल.

आंघोळीसाठी बाथटब विसरा, शॉवरची चौकोनी जागा असते. मऊ रबरी टब घडी करून नेता येतो आणि एक प्लास्टिकचा मग न्या, तो जहाजावर कुठेही मिळत नाही आणि आजींचं त्यावाचून अडतं. न्हाणीच्या दाराला उंच उंबरा असतो, पहिल्या दिवशी सगळे ठेचकाळतात. दारं जड असतात आणि वाऱ्याने आपटतात. मुलांच्या विभागात असताना पडून गुडघे फुटलेल्या मुलांपेक्षा दारात बोटं सापडलेली मुलं आमच्याकडे जास्त यायची. खोलीच्या दाराच्या फटीत टॉवेल अडकवून ठेवायची सवय लावा. एसी जोरात असतो, जानेवारीत नाशिकला घालता तेवढे कपडे जहाजाच्या आतही लागतील. बाबागाडी घडी होणारी, अरुंद घ्या. बोळात उभी करून ठेवू देत नाहीत, वाट मोकळी हवी असते.

पोहण्याच्या तलावाबद्दल आधीच सांगते म्हणजे तिथे जाऊन वाद नको. डायपरमधल्या मुलांना बहुतेक जहाजांवर तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा खास डायपर असला तरी नाही. त्याचं कारण वर आलंच आहे, पोटाचा संसर्ग. काही जहाजांवर बाळांसाठी कारंजी असतात, नसतील तर तो रबरी टब बाल्कनीत किंवा न्हाणीत भरा. चौदा महिन्यांच्या माणसाला तोही समुद्रच.

मुलांच्या खोलीत म्हणजे किड्स क्लबमध्ये बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि शी-शू स्वतः सांगणारं मूल लागतं. धाकटा आई-बाबा सोबत असतील तरच. मुलीला पहिल्या संध्याकाळी रिकाम्या वेळी नुसतं बघायला न्या, सोडून येऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना, तासभर ठेवा. रात्री जेवणानंतर दमलेलं मूल नव्या माणसांत सोडलं की ते रडतं आणि मग पुन्हा पाऊल टाकत नाही. तिथले ताई-दादा कुठल्याही देशाचे असतील, मराठी येणार नाही. 'टॉयलेट', 'वॉटर', 'मम्मी' एवढं तिला बोलता आलं तरी काम भागतं, आणि घरातला खास शब्द असेल तर तो त्यांना लिहून द्या. आमच्याकडे एक मुलगा तासभर 'नंबर एक' म्हणत होता आणि सगळे त्याला शर्यतीत पहिला आल्याबद्दल टाळ्या देत होते. घेऊन जायला कोण येणार त्यांची नावं नोंदवताना आजींचंही घाला. आणि मुलांना झोपवून खोलीत एकटं सोडून वर कार्यक्रमाला जायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. रोज संध्याकाळी एकाने थांबायचं, आळीपाळीने.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागतं. मुंबईपासून समुद्रमार्गे साधारण सव्वादोनशे-अडीचशे सागरी मैल, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. पणजी तिथून तासाभरावर आहे आणि परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते. पणजी, जुना गोवा, बाजार असं सगळं डोक्यात असेल तर सोडून द्या, दिवस टॅक्सीत जाईल. मी दोन वाटा सुचवते. एक, बोगमाळोचा किनारा आणि वाटेवरचं नौदलाचं विमान संग्रहालय. दोन्ही बंदरापासून जवळ, मोकळ्यावर उभी केलेली खरीखुरी विमानं, पाच वर्षांच्या मुलीला दुसरं काही नको. सोमवारी ते बंद असतं. दुसरी वाट मला जास्त आवडते. बाबा, आजी आणि मुलगी मंगेशीला जाऊन येऊ देत. तुम्ही बाळाला घेऊन जहाजावरच थांबा. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं होतं. लिफ्ट लगेच येते, डेकवर सावलीतली जागा मिळते, वाढपी निवांत असतात आणि बाळ दोन तास सलग झोपतं. सफरीतला सगळ्यात शांत वेळ तोच असतो आणि तो बहुतेक लोक टॅक्सीत घालवतात.

चढण्याच्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर दुपारच्या आत सीएसएमटीला पोचाल, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे. आधारकार्ड सगळ्यांचं मूळ, मुलांचे जन्मदाखलेही मूळ. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून डायपर, दूध, औषधं, बदलायचे कपडे आणि झोपेचं ते एक मळकं पांघरूण हातातल्या पिशवीत ठेवा. खोल्या उघडायला वेळ असला तरी बुफे सुरू असतो. सगळे तिकडे धावतात, तेव्हा बाळाला अंगाला बांधूनच जहाजावर चढा आणि आधी जेवून घ्या. मोबाइल किनारा दिसेनासा होण्याआधी विमान मोडवर टाका, नाहीतर जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडून भलतं बिल येतं.

मग जहाज सुटताना खोलीत राहू नका. मुलीला डेकवर न्या, गेटवे आणि ताज मागे सरकताना दाखवा, पुढे कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्जचं दीपगृह, १८७५ सालचं. उजेड असेल तर डावीकडे दूर खांदेरी-उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ला किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आडवे आले होते, ती गोष्ट आजींना सांगू द्या. थोड्या वेळाने जहाजाच्या कुशीला एक छोटी होडी येऊन चिकटते आणि बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला बंदराबाहेर काढणारा वाटाड्या, दोरांच्या शिडीवरून तिच्यात उतरतो. हे पाहायला कुठलंही तिकीट नाही, आणि जहाजावरच्या कुठल्याही जादूच्या खेळापेक्षा मुलं यावर जास्त खिळतात. कुठल्या बाजूने उतरणार ते एखाद्या खलाशाला विचारा.

शेवटच्या रात्री बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्याआधी पाचही जणांचे सकाळचे कपडे आणि चपला बाजूला काढा. नाइटीवर उतरलेली माणसं दर फेरीत एखाद-दुसरी असतातच. बिल रात्रीच पडद्यावर किंवा स्वागतकक्षात पाहून घ्या, सकाळी तिथे रांग असते. उतरायला घाई करू नका, बाळाला पोटभर नाश्ता करून शेवटच्या गटात उतरा. परतीची पंचवटी संध्याकाळी आहे, तोवर मुलांना घेऊन थांबणं जिकिरीचं. नांदेडची वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी सुटते आणि नाशिक रोडला थांबते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार आधी बघून मगच जहाजाची तारीख पक्की करा.